सेव्हन आयर्नचे यार्ड दर फेरीत बदलतात: कारण क्लब, चेंडू की नागपूरची हवा?

प्रश्न : हिरवळ

सर्व गोल्फप्रेमींना नमस्कार.

मी नागपुरात राहतो आणि शनिवार-रविवारी पहाटे नियमितपणे अठरा होलची फेरी खेळतो. माझा हँडिकॅप, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा मला साधारण जास्त लागणारे फटके, अठराच्या आसपास आहे. ड्रायव्हरबद्दल, म्हणजे सर्वांत लांब मारण्याच्या क्लबबद्दल (काठीबद्दल), माझी फारशी तक्रार नाही. माझा खरा प्रश्न ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या आखूड गवताच्या भागावर, जाणाऱ्या फटक्यांचा आहे. आमच्या कोर्सवर साधारण १४० यार्डांचा एक पार-थ्री (तीन फटक्यांत पुरा करायचा) होल आहे. ग्रीनच्या पुढ्यात बंकर (वाळूचा खड्डा) आहे आणि मागे जमीन उताराने खाली जाते. तेथे मी सेव्हन आयर्न घेतो, म्हणजे मध्यम अंतराचा क्लब (आयर्नचा क्रमांक जितका मोठा, तितके अंतर कमी). फटका हाताला अगदी स्वच्छ लागल्यासारखा वाटतो, तरी चेंडू कधी पुढच्या बंकरमध्ये पडतो, कधी ग्रीनवर टप्पा घेऊन मागच्या उतारावर निघून जातो. कॅडी (बॅग वाहणारे मदतनीस) अनुभवी आहेत आणि त्यांचा सल्लाही बहुधा योग्य असतो, पण माझ्याच क्लबचे अंतर मला ठाऊक नसेल तर त्यांनी तरी कोणत्या आधारावर क्लब हाती द्यावा?

माझ्या बॅगेतील चेंडू एका प्रकारचे नाहीत, हे येथे सांगणे आवश्यक आहे. काही चेंडू नवे घेतलेले आहेत, काही स्पर्धेत भेट मिळालेले आहेत, तर काही कॅडींकडून घेतलेले, म्हणजे झुडपांतून आणि पाण्यातून काढलेले आहेत. ज्या होलवर चेंडू हरवण्याची भीती असते तेथे मी जुना चेंडू काढतो आणि सोप्या होलवर नवा. बहुतेक जण असेच खेळतात, असे मी पाहतो.

मला प्रत्येक क्लबच्या अंतराचा एक विश्वासार्ह तक्ता तयार करायचा आहे. त्यासाठी आधी एकच चेंडू ठरवणे खरोखर आवश्यक आहे का, आणि असल्यास तो कसा निवडावा? आमच्या पातळीच्या खेळाडूला महागड्या चेंडूचा उपयोग होतो का? शिवाय डिसेंबरच्या थंडीत केलेला तक्ता मे महिन्यात चालेल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : उलट गणित

आपण प्रश्न नेमका मांडला आहे. त्यातील चेंडूच्या भागाबद्दल मी लिहितो, कारण माझ्या मते तक्त्याची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्थांच्या नियमांनुसार चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असू शकत नाही. ठरावीक चाचणीत चेंडू किती वेगाने सुटावा आणि एकूण किती दूर जावा, यांवरही वरची मर्यादा आहे. त्यामुळे मान्यताप्राप्त यादीतील दोन नवे चेंडू ड्रायव्हरने मारले, तर आपल्या वेगाला त्यांच्या अंतरात पडणारा फरक जाहिरातींतून वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. स्पिनवर, म्हणजे चेंडूच्या स्वतःभोवती फिरण्यावर, मात्र नियमांनी अशी मर्यादा घातलेली नाही. चेंडूचे वेगळेपण प्रामुख्याने तेथे दिसते, आणि ग्रीनवर जाणाऱ्या फटक्यात सर्वांत जास्त महत्त्व स्पिनलाच असते.

दोन थरांचा, कडक आयनोमर आवरणाचा चेंडू क्लबच्या खाचांत कमी पकडला जातो. युरेथेनचे मऊ आवरण असलेला तीन किंवा चार थरांचा चेंडू अधिक पकडला जातो. ड्रायव्हरने मारताना दोन्ही चेंडू आतील गाभ्यापर्यंत दाबले जातात, म्हणून आवरणाचा परिणाम तेथे थोडा असतो. क्लब जितका छोटा आणि फटका जितका हळू, तितका आवरणाचा प्रभाव वाढत जातो. सेव्हन आयर्न या दोन टोकांच्या मध्ये येते. त्यामुळे हवेतील अंतरात दोन चेंडूंमध्ये चार-पाच यार्डांचाच फरक असला, तरी कमी स्पिनचा चेंडू खालच्या कोनातून येऊन ग्रीनवर पुढे पळतो आणि जास्त स्पिनचा चेंडू पडल्या जागेजवळ थांबतो. आपल्या त्या पार-थ्रीवर एक चेंडू बंकरमध्ये आणि दुसरा मागच्या उतारावर जाण्याचे हे एक सरळ कारण असू शकते. दोन्ही फटके हाताला सारखेच वाटतील, कारण फटके सारखेच असतील.

पाण्यातून काढलेल्या चेंडूंबद्दल थोडे अधिक लिहितो. चेंडू दीर्घकाळ पाण्यात राहिला तर आवरणातून ओलावा आत शिरतो आणि चेंडूचा जिवंतपणा कमी होतो. तो किती काळ पाण्यात होता हे बाहेरून कळत नाही, म्हणून वरून चकचकीत दिसणाऱ्या दोन चेंडूंपैकी एक ठीक असेल आणि दुसरा मंद. पुन्हा रंग दिलेल्या चेंडूंमध्ये आणखी एक दोष असतो. चेंडूवरील खळग्यांचा आकार आणि खोली फार विचारपूर्वक ठरवलेली असते. गुळगुळीत चेंडू खळग्यांच्या चेंडूच्या जेमतेम निम्मे अंतर कापतो. खळग्यांमुळे चेंडूलगतच्या हवेचा पातळ थर खळबळतो, तो चेंडूच्या मागील बाजूपर्यंत चिकटून राहतो आणि मागे ओढणारी पोकळी लहान होते. जुन्या गटापर्चाच्या (झाडाच्या चिकापासून केलेल्या) चेंडूंवर खेळून ओरखडे पडले की ते नव्यापेक्षा सरळ आणि दूर जातात, हे खेळाडूंच्या आधीच लक्षात आले होते. इंग्लंडमध्ये विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये खळग्यांच्या चेंडूचे पेटंट मिळवले ते याच वाटेने. अशा खळग्यांत रंगाचा थर साचला की उड्डाण बदलते, आणि किती बदलेल हे प्रत्येक चेंडूगणिक वेगळे असते. सरावासाठी हे चेंडू चालतील. यार्ड मोजताना त्यांचा वापर मुळीच करू नये, कारण मापाचे वजनच दर वेळी बदलत असेल तर तराजू कितीही चांगला असून उपयोग होत नाही.

आता निवडीबद्दल. बहुतेक जण दुकानात ड्रायव्हरचा विचार करून चेंडू घेतात. मी उलट क्रम सुचवतो. ग्रीनपासून सुरुवात करून टीकडे, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेकडे, यावे. दोन किंवा तीन मॉडेल निवडा आणि प्रत्येकाची एक-एक स्लीव्ह (चेंडूंची छोटी डबी) घ्या. आधी ग्रीनच्या कडेवरून चिप करा (चेंडू थोडा उचलून पुढे पळवा), नंतर तीस ते पन्नास यार्डांवरून पिच करा (चेंडू उंच उडवा) आणि चेंडू पडल्यावर किती पळतो ते पाहा. त्यानंतर सेव्हन आयर्न, आणि ड्रायव्हर सर्वांत शेवटी. पहिल्या दोन पायऱ्यांवर ज्या चेंडूचे वागणे आपल्याला आधीच सांगता येते, तो आपला चेंडू. किंमत त्यानंतर पाहावी. आपण हवेतून उंच पिच न मारता चेंडू जमिनीवरून सरपटवत नेणारे खेळाडू असाल, तर दोन थरांचा स्वस्त चेंडूही आपल्याला पूर्णपणे योग्य ठरेल आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र जो निवडाल त्याचेच डझन आणा, आणि बॅगेत दुसरा चेंडू ठेवू नका.

प्रतिसाद : कामठी रोड

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही मला एका मुद्द्यावर वेगळे मत मांडायचे आहे. अठरा हँडिकॅपच्या खेळाडूच्या सेव्हन आयर्नमध्ये दहा-पंधरा यार्डांचा फरक पडत असेल, तर त्यातील मोठा वाटा चेंडू क्लबच्या पात्यावर नेमका कोठे लागला याचा असतो. पात्याच्या मध्यापासून बोटभर टाचेकडे किंवा टोकाकडे लागलेला फटका हाताला बरा वाटतो, विशेषतः आजच्या रुंद आणि मागून पोकळ असलेल्या आयर्नमध्ये, कारण अशी आयर्न चुकीचा धक्का हातापर्यंत पोहोचूच देत नाहीत. अंतर मात्र कमी झालेले असते. "फटका स्वच्छ लागल्यासारखा वाटतो" हे आपले वाक्य म्हणूनच तपासून पाहण्यासारखे आहे.

तपासणी सोपी आहे. सरावाच्या वेळी पात्यावर पावडरीचा हलका फवारा मारा, किंवा चेंडूवर पुसता येणाऱ्या मार्करने ठळक ठिपका काढून तो पात्याकडे ठेवा. प्रत्येक फटक्यानंतर उमटलेला डाग पाहा. डाग एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत एकत्र येत असतील तर चेंडूवर संशय घ्या. ते पात्यावर सर्वत्र पसरलेले असतील, तर चेंडू बदलून फारसा लाभ होणार नाही. स्पर्धेच्या फेरीत मात्र पात्याला असे काही लावणे नियमबाह्य आहे, हे ध्यानात असू द्यावे.

दुसरे असे की सोबत्याच्या सेव्हन आयर्नशी स्वतःच्या सेव्हन आयर्नची तुलना करू नये. जुन्या संचांत सेव्हन आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे पात्याचा तिरपेपणा, ३४ ते ३६ अंश असे. अंतर वाढवण्यासाठी बनवलेल्या आजच्या काही संचांत तो ३० अंशांच्याही खाली आला आहे. म्हणजे एकाची सेव्हन ही दुसऱ्याची सिक्स किंवा फाइव्हसुद्धा असू शकते. दूरदर्शनवर दिसणाऱ्या आकड्यांनीही दिशाभूल होते. ट्रॅकमॅन या फटके मोजणाऱ्या कंपनीने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या सरासरीनुसार पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतील पुरुषांची सेव्हन आयर्न हवेत १७२ यार्ड आणि एलपीजीए टूरवरील महिलांची १४१ यार्ड जात असे. आपल्यासारख्या क्लब खेळाडूंनी नजरेसमोर दुसरा आकडा ठेवावा. १४१ यार्ड मारणाऱ्या त्या महिला जगातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी आहेत, आणि त्यांचे कौशल्य अंतरापेक्षा ते अंतर पुन्हा पुन्हा तेवढेच येण्यात आहे.

चेंडू एकच ठेवावा, याला माझा विरोध नाही. उलट पूर्ण पाठिंबा आहे, फक्त माझे कारण वेगळे आहे. चेंडू एकच असला की फटका आखूड पडल्यावर दोष देण्यासाठी चेंडू उरत नाही, आणि लक्ष आपोआप फटक्याकडे जाते.

प्रतिसाद : काळी माती

हवेचा आणि जमिनीचा मुद्दा अजून कोणी घेतलेला नाही, आणि नागपूरकरांनी तो टाळून चालणार नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतील पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो आणि मे महिन्यात, नवतपा (मे अखेरचे अतिउष्ण नऊ दिवस) सुरू झाला की, तो ४५ अंशांपलीकडे जातो. एकाच कोर्सवर वर्षभरात एवढा मोठा फरक आपल्याला सोसावा लागतो.

हवेचा दाब तोच राहिला तर तिची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. १० अंश सेल्सिअस म्हणजे २८३ केल्विन आणि ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन. या दोहोंचे गुणोत्तर काढले तर मे महिन्यातील दुपारची हवा जानेवारीच्या पहाटेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते. याचा अर्थ चेंडू ११ टक्के दूर जाईल असा मात्र होत नाही. विरळ हवेत अडथळा कमी होतो, पण स्पिनमुळे मिळणारी उचलही कमी होते, आणि आयर्नच्या फटक्यात ही उचल महत्त्वाची असते. थंडीत चेंडूचा गाभाही थोडा कडक आणि मंद होतो, त्याचा परिणाम यात मिसळतो. सर्व धरून मध्यम वेगाच्या खेळाडूच्या सेव्हन आयर्नमध्ये या दोन टोकांत हवेतील अंतराचा फरक पाच-सात यार्डांचा आणि ड्रायव्हरमध्ये त्याहून अधिक धरावा. आपला फटका सरळ अर्धा क्लब इकडे-तिकडे होतो.

पावसाळ्याबद्दल एक समज सर्वत्र आढळतो, तो येथे दूर करायला हवा. दमट हवा जड असते, म्हणून जुलैमध्ये चेंडू जात नाही, असे बरेच अनुभवी खेळाडूही सांगतात. प्रत्यक्षात पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, त्यामुळे त्याच तापमानाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळ असते. हा फरक इतका अल्प आहे की तक्त्यात त्याची नोंद करण्याची गरज नाही. जुलैमध्ये एकूण अंतर कमी होते ते जमिनीमुळे.

आणि आपली जमीन हा तर स्वतंत्र विषय आहे. नागपूरच्या परिसरातील काळी चिकण माती पाणी प्यायल्यावर फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जिथे वर मुरूम आहे तिथे उन्हाळ्यात फेअरवे (टी ते ग्रीनमधली गवताची पट्टी) रस्त्यासारखा कडक होतो. मे महिन्यात आखूड पडलेला फटकाही टप्पा घेऊन तीस-चाळीस यार्ड पळू शकतो. जूनच्या उत्तरार्धात पाऊस स्थिरावला की तोच चेंडू पडल्या जागी रुततो. म्हणून "माझी सेव्हन १५० जाते" या विधानाला, चेंडू हवेत किती गेला आणि जमिनीवर किती पळाला हे वेगळे केल्याखेरीज, काहीही अर्थ नाही. तक्त्यात लिहायचे ते फक्त हवेतील अंतर, म्हणजे कॅरी. बंकर ओलांडायचा आहे तो कॅरीने. टप्प्यानंतरचे पळणे हा त्या दिवशीच्या जमिनीचा प्रश्न आहे आणि तो प्रत्येक फेरीच्या पहिल्या दोन-तीन होलवर नव्याने पाहावा.

पावसाळ्यात ओल्या गवताचाही विचार करावा. पाते आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी आले की खाचांची पकड सुटते. मिड आयर्नने मारलेला चेंडू अशा वेळी कमी स्पिन घेऊन अपेक्षेपेक्षा दूर जाऊ शकतो आणि थांबत नाही. युरेथेनचे आवरण असले तरी हा परिणाम पूर्णपणे टळत नाही. प्रत्येक फटक्यापूर्वी पाते कोरड्या टॉवेलने पुसणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो जितका साधा आहे तितकाच दुर्लक्षित आहे.

उंचीबद्दल थोडक्यात सांगतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, म्हणजे साधारण हजार फूट. दर हजार फुटांमागे अंतर एक टक्क्याहून थोडे अधिक वाढते, असा ढोबळ नियम आहे. मुंबईला चेंबूरच्या कोर्सवर खेळायला गेलात तर हा फरक जाणवणारही नाही. उटीला, सुमारे २,२०० मीटरवर, गेलात तर मात्र येथील तक्ता बाजूला ठेवावा लागेल.

प्रतिसाद : हिरवळ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. "काळी माती" यांनी सांगितलेला हवेतील आणि जमिनीवरील अंतराचा भेद मी आजवर केला नव्हता, आणि माझे सर्व अंदाज चेंडू शेवटी जिथे थांबला तिथपर्यंतचे होते.

दोन शंका उरतात. येथे मला लाँच मॉनिटर (चेंडूचे उड्डाण मोजणारे यंत्र) सहज उपलब्ध नाही, त्यामुळे हवेतील अंतर मोजायचे कसे? सरावाच्या ठिकाणी दिलेले रेंज बॉल वापरून तक्ता करता येईल का? आणि दुसरे असे, की पाण्याच्या होलवर नवा चेंडू काढायचा म्हटले की हात आखडतो. तेथे जुना चेंडू वापरण्याची मुभा ठेवली तर बिघडेल का? क्लबच्या स्पर्धांत याबद्दल काही नियम आहे का?

प्रतिसाद : उलट गणित

रेंज बॉलवर तक्ता करू नये. ते टिकाऊपणासाठी कडक बनवलेले असतात, काही तर मुद्दाम कमी जातील असेच असतात, आणि त्यातील प्रत्येकाने किती फटके सोसले आहेत हे कोणालाच माहीत नसते. त्यांच्यावर दिशा, ताल आणि पात्यावरील डाग तपासावेत.

लाँच मॉनिटर नसतानाही कॅरी मोजण्याची एक चांगली सोय प्रत्येक फेरीत आपोआप मिळते, ती म्हणजे ग्रीनवर उमटलेली टप्प्याची खूण. फटक्यापूर्वी लेझर रेंजफाइंडरने झेंड्यापर्यंतचे अंतर घ्या. २०१९ पासूनच्या नियमांत, समितीने स्थानिक नियमाने मनाई केली नसेल तर, अंतर मोजणारी उपकरणे चालतात. चढ-उताराचा हिशेब करून देणारी सोय मात्र बंद ठेवावी लागते. ग्रीनवर गेल्यावर खूण दुरुस्त करायची असतेच. ती करताना झेंड्यापासून किती पावले अलीकडे किंवा पलीकडे आहे ते पाहा आणि स्कोअरकार्डाच्या कडेला क्लबचे नाव व आकडा लिहून ठेवा. ग्रीन टीपेक्षा बरेच वर किंवा खाली असेल तर ती नोंद सोडून द्या, जोराचा वारा असेल तरीही सोडून द्या. यासाठी उत्तम काळ म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण ग्रीन मऊ असतात, खुणा स्पष्ट उमटतात आणि तापमानही टोकाचे नसते. मे महिन्यात कडक ग्रीनवर खूण सापडतच नाही.

नोंदी पुरेशा जमल्या की त्यांची सरासरी काढण्याऐवजी त्या चढत्या क्रमाने मांडा आणि मधला आकडा घ्या. एखादा फटका जमिनीत आधी आदळला किंवा चेंडूच्या डोक्यावर लागला असेल, तर तो वगळावा. किंचित पातळ, म्हणजे पात्याच्या खालच्या कडेजवळ, लागलेला फटका वगळू नये, कारण तसे फटके पुढच्या फेरीतही येणारच आहेत. सर्वांत दूर गेलेला फटका तक्त्यात लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आपल्या पातळीचे खेळाडू ग्रीनच्या पलीकडे क्वचित आणि अलीकडे वारंवार पडतात, त्यामागे हा मोह बराच असतो.

मधल्या आकड्यांवरून दोन क्लबांतील अंतर पाहा. मध्यम वेगाच्या खेळाडूला आयर्नच्या दोन क्रमांकांत दहा ते पंधरा यार्ड मिळायला हवेत. लांब आयर्नमध्ये, म्हणजे फोर आणि फाइव्हमध्ये, फरक जवळजवळ नाहीसा झालेला आढळला तर त्यातील एक काढून हायब्रिड (लांब आयर्नपेक्षा मारायला सोपा क्लब) घेणे योग्य. खालच्या टोकाला उलट स्थिती असते. आजच्या संचांत पिचिंग वेजचा (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचा जास्त तिरपा क्लब) लॉफ्ट ४४ अंश किंवा त्याहूनही कमी असतो आणि सँड वेज बहुधा ५६ अंशांचा. मध्ये बारा अंशांची पोकळी राहते आणि नेमक्या त्या पोकळीत शंभर यार्डांच्या आतबाहेरचे फटके येतात. बॅगेत चौदा क्लबांची मर्यादा असल्याने लांब आयर्न काढून तेथे ५० अंशांचा वेज ठेवणे, हा माझ्या मते अठरा हँडिकॅपसाठी सर्वांत लाभदायक बदल आहे.

प्रतिसाद : पहाटेचा टी

नियमांच्या शंकेपुरते लिहितो, कारण क्लबच्या स्पर्धांच्या समितीत मी काही काळ काम केले आहे.

संपूर्ण फेरी एकाच मॉडेलच्या चेंडूने खेळण्याचे बंधन हा सर्वसाधारण नियम नाही. समितीला हवा असल्यास लागू करता येणारा तो एक नमुना स्थानिक नियम आहे, त्याचा क्रमांक जी-४, आणि तो मुख्यतः व्यावसायिक व उच्च पातळीच्या स्पर्धांसाठी आहे. आपल्या साप्ताहिक स्पर्धांत तो लागू नसेल, तर दोन होलच्या मध्ये दुसऱ्या कंपनीचा चेंडू घेण्यास पूर्ण मुभा आहे. स्पर्धेच्या अटींत चेंडू मान्यताप्राप्त यादीतीलच असावा, अशी अट असू शकते. पुन्हा रंग दिलेल्या चेंडूंचा प्रश्न तेथे येतो, म्हणून अटी आधी वाचून घ्याव्यात.

चेंडू जाणूनबुजून तापवून खेळण्यासही नियमाने बंदी आहे. येथील थंडीत काही जण तसे करू पाहतात, म्हणून हे लिहिले. उन्हाळ्यात मात्र चेंडूंचा डबा गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवू नये, तो घरात सावलीत ठेवावा. चेंडू सामान्य तापमानात वर्षानुवर्षे टिकतो; सततच्या अतिउष्णतेने तो खराब होण्याचा संभव असतो.

आता पाण्याचा होल. खर्चाची अडचण खरी आहे आणि ती कोणी कमी लेखू नये. पण पाण्यावरून फटका मारताना क्लबचे अंतर निश्चित माहीत असणे सर्वांत जास्त गरजेचे असते, आणि त्याच क्षणी आपण तक्त्याबाहेरचा चेंडू काढतो. मनातही आधीच "हा गेला तरी चालेल" असे येते आणि फटका ढिला पडतो. महागडे चेंडू परवडत नसतील म्हणून जुने मिसळण्यापेक्षा, पाण्याच्या होलवरही बिनदिक्कत काढता येईल इतक्या किमतीचा एक नवा चेंडू निवडावा आणि अठराही होल त्यानेच खेळावेत. आजकाल काही कंपन्या युरेथेन आवरणाचे चेंडूही तुलनेने कमी दरात देतात, ते "उलट गणित" यांच्या क्रमाने तपासून पाहता येतील. कॅडींकडून चेंडू घेणे बंद करावे असे मी म्हणणार नाही, कारण त्यातून त्यांना चार पैसे मिळतात. ते सरावासाठी घ्यावेत, किंवा आपल्याच मॉडेलचे आणि स्वच्छ असलेले चेंडू बाजूला ठेवण्यास त्यांना सांगावे. आमच्याकडील कॅडी हे काम आनंदाने करतात, कोणत्या साहेबांचा कोणता चेंडू हे त्यांना तोंडपाठ असते.

प्रतिसाद : हिरवळ

आता चित्र स्पष्ट झाले. दोन थरांचे एक आणि युरेथेनचे एक अशी दोन मॉडेल घेऊन या रविवारी चिप आणि पिचपासून सुरुवात करतो. "कामठी रोड" यांनी सांगितलेला मार्करचा ठिपकाही त्याच दिवशी करून पाहीन. सध्या पाऊस ओसरत आला आहे, त्यामुळे ग्रीनवरच्या खुणांची नोंदही लगेच सुरू करता येईल. एक शेवटची विचारणा आहे. थंडी आणि उन्हाळा यांसाठी दोन वेगळे तक्ते ठेवावेत का?

प्रतिसाद : काळी माती

दोन तक्ते ठेवू नका, गोंधळ होईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा तक्ता मूळ धरा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १४० यार्डांचा होल मनात १४४ चा समजा, एप्रिल-मेमध्ये १३७ चा. ऊन चढले की हिवाळ्यातील ही वाढ सोडून द्या, कारण सकाळी साडेसहाचे आणि दहाचे तापमान आपल्याकडे फार वेगळे असते. आपल्या नोंदी जमल्यावर हे आकडे स्वतःच्या फटक्यांनुसार दुरुस्त करून घ्या. वेगवान खेळाडूला फरक जास्त पडतो. त्या पार-थ्रीवर मागे उतार आणि पुढे बंकर असल्याने मे महिन्यात कडक ग्रीनवर सेव्हनऐवजी एट घेऊन पुढच्या कडेवर टप्पा पाडणे इष्ट, पण एटचा कॅरी बंकर ओलांडण्याइतका आहे की नाही, हे आधी तक्त्यात पाहून घ्या.